आंबोलीने वर, तिलारीने खाली: उद्या सकाळी निघतोय, दोघेच

म्हापशेकर_दोघे (प्रश्न):
शनिवार-आयतार दोघांनाही सुट्टी जुळून आली आहे. चवथीची गडबड संपली, पाऊस सरींवर आलाय, तेव्हा आत्ताच ठरवले की उद्या सकाळी निघायचे. बुकिंग काही नाही. डोक्यात असे आहे: म्हापसा, पत्रादेवी, सावंतवाडी, आंबोली, तिथे मुक्काम. आयतारी चंदगडवरून तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग, अंधाराआधी घरी. गाडी स्विफ्ट १.२ पेट्रोल, मॅन्युअल, पाच वर्षांची. गाडी दोघेही चालवतो, पण सपाटीवर. घाटाची सवय दोघांनाही नाही. मार्ग बरोबर आहे का? आणि आज रात्री गाडीचे काय काय बघून ठेवू? गॅरेज आता उघडे मिळणार नाही.

घाटमाथा:
जागा चांगल्या निवडल्यात, दिशा उलटी आहे. सवय नसताना तिखट घाट चढावा आणि सोपा घाट उतरावा. चढताना चुकले तर गाडी बंद पडते, थांबते. उतरताना चुकले तर थांबत नाही, सगळा फरक एवढाच.

तिलारीचा घाट लांबीला थोडका, पण उतार उभा आणि वळणे एकाला लागून एक. तो रस्ता मुळात तिलारी प्रकल्पाच्या कामासाठी झाला, येण्याजाण्याचा राजमार्ग म्हणून नव्हे, आणि ते वळणावर गेले की कळतेच. जयकर पॉईंटच्या वळणावरचे अपघात बातम्यांत अधूनमधून असतात. ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा घाट उतरणाऱ्याने तो उतरू नये, असे माझे स्पष्ट मत. आंबोलीचा घाट त्या मानाने रुंद, कठडे बऱ्यापैकी, एसटी आणि ट्रक रोज जातात, म्हणजे उतार त्यांना झेपेल असा आखलेला.

तुम्हाला सुचवतो ते असे. म्हापशातून डिचोली, साखळी, केरी करून चोर्ला घाट चढा. वर कणकुंबी, जांबोटी, मग बेळगाव. तिथून हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा या वाटेने आंबोली. मुक्काम आंबोलीत. आयतारी आंबोली घाट उतरून दाणोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, घर. सगळे मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दोन दिवसांत सुखाने होते, आणि तिन्ही राज्ये पायाखालून जातात.

तिलारीच बघायची हौस असेल तर दोडामार्गहून चढून जा, आंबोलीनेच उतरा. ती फेरी बरीच छोटी होते.

पाना_१०_नंबर:
गॅरेज बंद असले तरी अर्ध्या तासात घरच्या घरी बरेच बघता येते. मोबाईलचा टॉर्च घ्या.

आधी ब्रेक ऑइल. बॉनेट उघडलेत की ड्रायव्हरच्या बाजूला फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, पांढरट डबी दिसेल, तिच्यावर कमाल-किमान अशा दोन रेघा असतात. पातळी किमानच्या जवळ आली असेल तर एक तर ब्रेकचे पॅड झिजलेत नाहीतर कुठे तरी गळती आहे. नुसते वरून ओतून मोकळे होऊ नका, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. दिसली तर जाणे रद्द, सोमवारी गॅरेज. रंगही बघा. मधासारखा पिवळट असेल तर ठीक. काळ्या चहासारखा झाला असेल तर ऑइल जुने. ते हवेतली ओल शोषते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर दोन वर्षांनी बदलायलाच हवे. नवे डॉट ३ दर्जाचे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले की पॅड दाबणारा कॅलिपर तेवढा तापू शकतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. तुमची नेहमीची गाडी म्हापशाच्या बाजारात कधीच ही खोड दाखवणार नाही. ती घाटातच दिसते.

मग पुढचे पॅड. स्टीयरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकाच्या फटीतून टॉर्च मारा. लोखंडी पाठीवरचा मसाला ३ मिमीपेक्षा कमी दिसला तर घाट नको.

टायर थंड असताना हवा भरा, म्हणजे सकाळी पहिल्याच पंपावर. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तोच. पावसात ग्रिप मिळावी म्हणून हवा कमी करणारे खूप भेटतात, ऐकू नका. कमी हवेचा टायर पाणी बाजूला सारत नाही, त्याच्यावर चढतो. कायद्याने खाच १.६ मिमी चालते, ओल्या घाटाला ३ मिमी तरी असू द्या. स्टेपनीतली हवा विसरू नका. आणि अंगणातच एकदा पाना लावून चाकाचे नट सुटतात का बघा. टायरवाले हवेच्या गनने इतके आवळतात की गाडीतल्या छोट्या पान्याने हलत नाहीत. हलले नाहीत तर पाईपचा हातभर तुकडा बरोबर ठेवा.

वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते. काच ओली करून चालवा, रेघा उरल्या तर सकाळी बदला, पाच मिनिटांचे काम. मागचे ब्रेकलाईट भिंतीकडे पाठ करून गाडी उभी केली की एकट्यालाही तपासता येतात. कूलंट इंजिन थंड असतानाच बघायचे.

चोर्ला_नेहमीचा:
घाटमाथा यांच्या मार्गाला दुजोरा. चोर्ल्याबद्दल थोडे.

पेट्रोल गोव्यातच भरा, एक तर स्वस्त आणि दुसरे म्हणजे साखळी सोडल्यावर पंपाच्या भरवशावर राहू नये. टाकी ३७ लिटरची आहे, दुसऱ्या गिअरच्या चढावर गाडी लिटरला ८-१० वर आली तरी पूर्ण फेरी एका टाकीत होते.

केरीला अंजुणे धरण दिसेल, तिथून चढ सुरू. सातला म्हापसा सोडलेत तर नऊच्या आत माथ्यावर. खूप लवकर निघून फायदा नाही, धुके असते. अकरानंतर बेळगावहून खाली येणाऱ्या गोव्याच्या पर्यटकांची रांग लागते आणि त्यातले अर्धे वळणावर ओव्हरटेक करतात. चढणारा तुम्ही असलात तरी त्यांच्याकडून वाट मिळेल अशी आशा धरू नका. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियमच आहे. पण नियम पुस्तकात असतो, समोर टेम्पो असतो.

ट्रक किंवा बस समोरून दिसली तर वळणाच्या आत शिरू नका, पंधरा-वीस मीटर अलीकडेच थांबा. लांब गाडीला वळायला अख्खा रस्ता लागतो. बसची मागची चाके आतून कापतात, तुम्ही आतल्या बाजूला असलात तर सरळ तुमच्या दारावर.

वाट बघण्यासाठी किंवा फोटोसाठी थांबायचे तर चाके डांबरावरच ठेवा. पावसानंतर दरीकडची साईडपट्टी आतून पोकळ झालेली असते, वरून हिरवे गवत मस्त दिसते. डोंगराकडेही ताजी लाल माती आणि मुठीएवढे दगड पडलेले दिसले तर तिथे थांबायचे नाही, वर अजून यायचे बाकी असते.

माथ्यावर गेल्यावर कणकुंबीला माउलीचे देऊळ आहे, मलप्रभा तिथे उगम पावते. म्हादई नदीच्या पाण्यावरून चाललेल्या भांडणातला कळसा नाला तो हाच भाग. कणकुंबी ते जांबोटी पावसाळ्यानंतर खड्डे असतात आणि सगळे पाण्याने भरलेले, खोली कळत नाही. तिथे घाटापेक्षा जास्त टायर फुटतात, कारण घाट संपला म्हणून माणूस वेग वाढवतो. चाळीसच्या वर जाऊ नका. नेटवर्क केरीनंतर येते-जाते, नकाशा आजच रात्री मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

म्हापशेकर_दोघे:
पटले. चोर्ल्याने वर, आंबोलीने खाली. आता खरी भीती दोन गोष्टींची. चढावर मध्येच थांबावे लागले तर गाडी मागे जाईल ती. आणि उतारावर नेमके कुठल्या गिअरमध्ये असायचे.

पाना_१०_नंबर:
चढावर सुरुवात हँडब्रेकवर करा. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा देऊन इंजिनचा आवाज स्थिर करा. क्लच हळू सोडत या. बोनेट किंचित वर उचलले जाते आणि आवाज जड होतो, तो क्षण. तिथे क्लचवरचा पाय जागेवर रोखा, हँडब्रेक सोडा, मग थोडे पेट्रोल वाढवत क्लच सोडा. गाडीत हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी आपोआप धरणारी सोय, असेल तर ती दोनेक सेकंदच धरते, त्यामुळे ही सवय तरीही हवी. सकाळी घराजवळच्या कुठल्याही चढावर दहा वेळा करून मगच निघा.

जे करायचे नाही ते म्हणजे अर्ध्या क्लचवर गाडी चढावर तोलून धरणे. रांगेत दोन मिनिटे असे केलेत की जळका वास येतो. तो क्लचप्लेटचा असतो आणि त्याचे बिल घाटाच्या खाली येते.

उतारासाठी जुना नियम: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. आंबोलीला बहुतेक दुसरा, मोकळ्या पट्ट्यात तिसरा. दुसऱ्यात इंजिन नेहमीपेक्षा जास्त ओरडेल, ओरडू द्या. इंजिनाला काही होत नाही, उलट ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजेक्टर पेट्रोल सोडतच नाहीत. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, थोडा वेळ पण नीट दाबून. वेग पडला की पूर्ण सोडायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबत राहायचे नाही. हळूच पाय टेकवून ठेवणे सर्वात वाईट, डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

डावा पाय क्लचवर नको. सपाटीवर चालवणारे ब्रेकबरोबर क्लचही दाबतात, ते घाटात न्यूट्रलसारखेच: इंजिनाची पकड सुटते. आणि पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडणे तर नकोच. ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबलात की पेडल दगड होते, स्टीयरिंग जड, आणि चावी पूर्ण फिरली असेल तर लॉकही.

पेडल मऊ लागले किंवा जळका वास आला तर पहिल्या रुंद जागेत थांबा, वीस मिनिटे. गरम चाकांवर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होते. मागचे ड्रमही तापलेले असतात, म्हणून हँडब्रेक ओढून ठेवू नका. पहिला गिअर टाका, चाकाखाली दगड लावा. आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. रस्त्यावर सोडून दिलेला असा दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या वाट्याला येतो.

एएमटीवाली:
यांच्या धाग्यात माझा एक प्रश्न. एएमटी गाडीत (क्लचचे पेडल नाही, गिअर गाडीच बदलते) हे सगळे कसे करायचे?

पाना_१०_नंबर:
ताई, घाटात गिअरची दांडी एम वर टाका आणि दुसरा हाताने निवडा. डी वर ठेवलेत तर चढावर ती दुसरा-तिसरा करत बसते आणि उतारावर वेग वाढला की वरचा गिअर टाकते, नेमके नको तेच. चढावर थांबल्यावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलू नका, एएमटीत क्लच आहेच, फक्त पायाखाली दिसत नाही. ब्रेक दाबून ठेवा किंवा हँडब्रेक. क्लच तापला की काही गाड्या इशारा देतात, तेव्हा न्यूट्रल करून थांबणे एवढेच. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, असेल तर दांडी एल किंवा एस वर.

बांदेकर:
गाडीचे झाले, आता बाटलीचे. गोव्यातून दारूची एकही बाटली डिकीत ठेवू नका, उघडी नको, बंद नको, 'फक्त एकच' तर नकोच. कणकुंबीला कर्नाटकचे अबकारी नाके आहे, आणि महाराष्ट्रात बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्कवाले उभे असतात. गोव्याच्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असे छापलेलेच असते. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, आणि त्यात गाडीही जप्त होऊ शकते. गेल्या महिन्याच्या पार्टीतली विसरलेली बाटली सीटखाली नाही ना, हेही आजच बघा. उघडून दाखवा म्हटले की दाखवायचे, हुज्जत घालून वेळ जातो.

कागद: आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकरमधले चालतात, पण घाटात नेटवर्क नसते, म्हणून पीडीएफ उतरवून ठेवा. पीयूसीची तारीख आज रात्रीच बघा. गोव्याची पाटी बघून आधी तेच विचारतात. दोघेही चालवणार असाल तर दोघांची लायसन्स.

मुक्काम: आंबोलीत जुलै-ऑगस्टच्या शनिवारी जागा मिळत नाही, आता मिळेल. एमटीडीसीचे आहे, बाकी खासगी लॉज आणि होमस्टे. न ठरवता जाता आहात तर चारच्या आत पोचा, खोली बघून घ्या. गरम पाणी किती वाजेपर्यंत, जनरेटर आहे का आणि जेवण आधी सांगावे लागते का, हे तीन प्रश्न विचारा. आंबोलीत वीज जाते आणि अंथरूण दमट असते, एक चादर घरची न्या. ओळखपत्र दोघांचे वेगवेगळे लागेल. लग्नाचा दाखला मागण्याचा कायदा नाही.

मळमळत असेल तर ॲव्होमिन निघण्याआधी तासभर घ्या, पण ती झोप आणते, म्हणून बाजूला बसणाऱ्यानेच. चालवणाऱ्याने नको.

घाटमाथा:
धुक्याचे राहिले. आंबोलीत सप्टेंबरातही दुपारी तीनला दिवे लावायची वेळ येते.

हेडलाईट खालच्याच ठेवा. वरच्या लावल्यात की धुक्याची पांढरी भिंत उजळते आणि तुम्हालाच काही दिसत नाही. फॉगलाईट असतील तर लावा. चारही इंडिकेटर लावून चालवण्याची फॅशन आहे, ती करू नका. वळताना मागच्याला तुम्ही कुठे वळता ते कळत नाही. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीला. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरा, मधली नव्हे. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांना चिकटून जाऊ नका.

काच धुरकटली तर आधी वायपर मारून बघा. वायपरने गेली तर वाफ बाहेरून आहे, म्हणजे एसी जास्त थंड आहे, तापमान वाढवा. नाही गेली तर आतून आहे: एसी चालू, हवा समोरच्या काचेवर, आणि आतली हवा फिरवायचे बटण बंद करून बाहेरची हवा. दोन माणसांच्या श्वासाने बंद गाडीत काच दोन मिनिटांत पांढरी होते. रुमालाने पुसत बसलात तर हाताचा तेलकटपणा लागून रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडे दिसते.

संध्याकाळनंतर गवे. गोव्याचा राज्यप्राणीच तो, चोर्ल्यापासून आंबोलीपर्यंत सगळीकडे. एक ओलांडून गेला की लगेच निघू नका, मागून कळपातले बाकीचे येतात. हॉर्न नको, दिवे खालचे, अंतर ठेवून थांबा. ओल्या रात्री आंबोलीच्या रस्त्यावर बेडूक असतात, जेवून फिरायला गाडी काढू नका, टॉर्च घेऊन चालत जा. जळवांसाठी मोज्यांच्या वर मीठ चोळा. लागलीच तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवा.

आणि एक, दोघे आहात म्हणून. बाजूला बसलेल्याने 'सावकाश, सावकाश' म्हणून उपयोग नाही, त्याने चालवणारा फक्त चिडतो. काय दिसते ते सांगा: 'वर बस आहे', 'डावीकडे खड्डा', 'मागचा ओव्हरटेक करतोय'. वळसा घालताना वरचा रस्ता बाजूच्याला आधी दिसतो. ड्रायव्हर बदलायचा तर माथ्यावर किंवा पायथ्याला, घाटात नाही.

म्हापशेकर_दोघे:
ब्रेक ऑइल पिवळट आहे, पातळी मधोमध. पॅड जाड दिसतात. चाकाचा एक नट हलत नव्हता, पाईप लावून सुटला. पीयूसी पुढच्या महिन्यापर्यंत आहे. शेवटचे: बेळगावात जेवून, कुंदा घेऊन निघायला उशीर झाला तर? आणि आयतारी आंबोलीहून किती वाजता उतरावे?

घाटमाथा:
बेळगाव ते आंबोली सत्तर किलोमीटरच्या आत-बाहेर, शनिवारच्या गर्दीत दोन तास धरा. तीनच्या आत हिंडलगा सोडलेत तर उजेडात पोचाल, वाटेत नांगरतास धबधब्यापाशी थांबायलाही वेळ मिळतो. चार वाजून गेले तर बेळगावातच राहा, खोल्या मुबलक आहेत, आणि सकाळी सहाला निघा. आंबोलीत रात्रीचा मुक्काम हुकला तरी आंबोली बघून होते.

आयतारी सकाळी हिरण्यकेशी उरका. नदी तिथल्या गुहेतून बाहेर येते, देवळापर्यंत पायवाट आहे. कावळेसाद धुके असेल तर सोडून द्या, पांढरे सोडून काही दिसत नाही. साडेनऊच्या सुमारास घाट उतरायला लागा. धुके थोडे विरळ झालेले असते आणि सावंतवाडीहून वर येणारी धबधब्याची गर्दी अजून पोचलेली नसते. तासाभराने निघालात तर मुख्य धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून वाट काढावी लागेल, आणि तिथे लोक रस्त्याकडे न बघता चालतात.

बांदेकर:
दाणोलीला पोचलात की पाच मिनिटे थांबा, चाकांजवळ हात धरून बघा. लावू नका, नुसता जवळ धरा. पुढच्या दोन चाकांची ऊब एकमेकांसारखी हवी, मागच्या दोघांची एकमेकांसारखी. एकच चाक भट्टीसारखे तापले असेल तर त्याचा ब्रेक अडकलाय, सावंतवाडीत गॅरेजला दाखवूनच पुढे या. आयतारी मिळणे जरा कठीण, पण बसस्टँडच्या आसपास विचारा.